आजोबांची बंदूक, नातवाची रायफल

खंडेनवमीला टेक्सासमधल्या प्लेनोत एका मित्राकडे आम्ही सात-आठ मराठी घरची माणसं जमलो होतो. पाटावर लाल कापड, झेंडूची फुलं, आणि पूजेला त्या घराचं पोट ज्यावर चालतं ते सगळं: दोन लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, त्याच्या बायकोची शिवणाची कात्री, लेकाचं व्हायोलिन. एका कडेला कणकवलीहून सामानात आणलेला आजोबांचा कोयता आणि त्याच्या शेजारी एआर-१५ रायफल. काळी, हलकी, गोळ्यांचं मॅगझिन काढून ठेवलेली. आत काडतूस नाही हे मित्राने दोनदा उघडून पाहिलं, मग नळीला हळदकुंकवाचं बोट लावलं. आरती झाल्याबरोबर रायफल पुन्हा तिजोरीत गेली आणि मगच मुलांना प्रसादाला बोलावलं.

माझी नजर कुठे आहे ते त्याने ओळखलं. "ताई, शस्त्र आहे. आपल्याकडे शस्त्र पुजतातच की," तो म्हणाला. तिथून सुरू झालेला आमचा वाद अजून मिटलेला नाही. तो चारचौघांत मांडावासा वाटतो, कारण डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, ॲलन, मॅकिनी या गावांत आता भरपूर मराठी वस्ती आहे. त्यातले कितीतरी जण इथले नागरिक झालेत, मत देतात, आणि या एका विषयावर मात्र गणपतीच्या मांडवातसुद्धा कुणी तोंड उघडत नाही.

माझा मित्र बेफिकीर माणूस नाही. सिंधुदुर्गात त्याच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दोन नळ्यांची काडतुसाची बंदूक होती. रात्री रानडुकरं भातात शिरायची, त्यासाठी. परवान्यावर बंदुकीचा नंबर, आजोबांचा फोटो, ठरावीक वर्षांनी नूतनीकरणाचा शिक्का. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती घ्यायची. २००४ पासून विधानसभेची निवडणूक बहुतेक वेळा ऑक्टोबरात, म्हणजे नेमकं भात कापणीला आलेलं असताना. आजोबा संतापायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवायचे, पण बंदूक ठाण्यात नेऊन द्यायचे आणि पावती ट्रंकेत जपून ठेवायचे.

नातवाने टेक्सासमध्ये रायफल घेतली तेव्हा दुकानात एक फॉर्म भरला, दुकानदाराने एफबीआयकडे नाव तपासून घेतलं, आणि अर्ध्या-पाऊण तासात रायफल गाडीच्या डिकीत होती. दुकानदाराच्या फायलीत तो फॉर्म पडून आहे, तेवढंच. ती रायफल आज कुणाच्या ताब्यात आहे याची नोंद सरकारकडे नाही. उद्या त्याने ती एखाद्या पार्किंग लॉटमध्ये दुसऱ्या टेक्सासवाल्याला रोख पैशाने विकली तर ना तपासणी लागते, ना कागद. दोन बार काढणाऱ्या बंदुकीला पावती होती. तीस बारांच्या रायफलीला नाही. माझं सगळं भांडण त्या पावतीसाठी आहे.

ही रायफल त्याने घेतली ॲलननंतर. ॲलनचा आउटलेट मॉल आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. भारतातून आईवडील, सासूसासरे आले की पहिल्या दुसऱ्या शनिवारी तिथे एक फेरी ठरलेली. परतीच्या बॅगांतले निम्मे कपडे, बूट, पर्सेस तिथल्याच असतात. ६ मे २०२३ हाही शनिवारच होता. दुपारी साडेतीननंतर एक माणूस गाडीतून उतरला आणि दुकानांपुढच्या फुटपाथवर दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत सुटला. आठ जण मेले. त्यांत तीन लहान मुलं होती, आणि हैदराबादची एक तरुण इंजिनिअर होती. सात जण जखमी झाले. मारेकऱ्याच्या अंगावर वर्णद्वेष्ट्यांची खूण शिवलेली होती. त्याच्याजवळ तीन बंदुका, गाडीत आणखी पाच, आठही कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या. २००८ मध्ये तो लष्करात गेला होता आणि प्रशिक्षण पुरं व्हायच्या आत, तीन महिन्यांत, लष्कराने त्याला घरी पाठवलं होतं. लष्कराने ज्याला ठेवून घेतलं नाही, त्याला लष्करी घाटाची रायफल दुकानात मिळाली.

आपल्या रंगाच्या, आपल्या नावांच्या माणसांना त्या आठवड्यात झोप लागली नाही. मित्राने महिन्याभरात रायफल घेतली. तो घाबरला होता, आणि घाबरायला कारण होतं. मीही घाबरले होते. मला फक्त वाटतं की त्याच भीतीतून दुसऱ्या दिशेने जायला हवं होतं.

"चांगल्या माणसाच्या हातात बंदूक असेल तर वाईट माणसाला आवर बसतो" हे वाक्य इथे उठताबसता ऐकू येतं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात टेक्सासमधल्याच सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये हत्याकांड झालं, तेव्हा शेजारच्या घरातला एक माणूस स्वतःची एआर-१५ घेऊन अनवाणी धावत आला आणि त्याने मारेकऱ्याला पळवून लावलं. त्याने नक्कीच जीव वाचवले. पण तो पोचेपर्यंत पंचवीस माणसं आणि एक न जन्मलेलं बाळ गेलेलं होतं. ॲलनला तर एक पोलीस दुसऱ्याच कामासाठी मॉलमध्ये आलेला होता. आवाज ऐकताच तो आवाजाच्या दिशेने धावला आणि चारेक मिनिटांत त्याने मारेकऱ्याला गाठून ठार केलं. शिकलेला, सशस्त्र, धाडसी आणि जागेवर हजर. यापेक्षा चांगला योग कुणाला मागता येईल? तरीही आठ माणसं गेली. याच्या उलट टेक्सासमधलंच उव्हाल्डे गाव. २४ मे २०२२, प्राथमिक शाळा, १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. तिथे एकूण ३७६ पोलीस गोळा झाले आणि वर्गात शिरायला त्यांना ७७ मिनिटं लागली. चौकशीत त्यांच्यातल्या काहींनी सांगितलं की आतल्या मारेकरी मुलाकडे एआर आहे हे कळल्यावर पाय पुढे पडेना. तो मुलगा अठरा वर्षांचा होता. अठरावा वाढदिवस झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याने त्या रायफली रीतसर विकत घेतल्या होत्या. त्याच दुकानात त्याला पिस्तूल मिळालं नसतं, कारण केंद्राच्या कायद्याने दुकानातून पिस्तूल घ्यायला एकवीस पूर्ण लागतात. रायफलीला अठरा पुरतात. हरणाच्या शिकारीला बापाबरोबर जाणाऱ्या पोरांच्या काळात ठरलेली ही वयोमर्यादा आहे.

मित्राच्या आग्रहावरून मी एकदा रेंजवर जाऊन ती चालवून पाहिली. न पाहता बोलू नये म्हणून गेले. तीन-साडेतीन किलो वजन. खांद्याला धक्का इतका कमी की मी घाबरून घट्ट धरलेले दात उगाचच धरले असं वाटलं. जन्मात बंदूक न धरलेल्या माझ्यासारखीच्या चौथ्या की पाचव्या गोळीने कागदावरच्या मधल्या वर्तुळाला भोक पाडलं. चाप दर वेळी दाबावा लागतो, पण तीस गोळ्यांचं मॅगझिन अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामं होतं आणि दुसरं चढवायला काही सेकंद पुरतात. शेजारच्या लेनमधल्या आजोबांनी कौतुकाने मान हलवली. मला मात्र घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं: हे इतकं सोपं आहे.

सोपं असायलाच ती बनवली आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी आर्मालाइट कंपनीत युजीन स्टोनर यांनी ही रायफल घडवली. 'एआर' ही दोन अक्षरं त्या कंपनीच्या नावाची. १९५९ मध्ये कोल्ट कंपनीने तिचे हक्क घेतले. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांच्या हाती गेलेली एम-१६ ती हीच. नव्या शिपायाला लवकर शिकता यावी, जास्त गोळ्या वाहून नेता याव्यात, म्हणून वजनाला हलकी आणि गोळी लहान पण वेगवान. सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या पिस्तुलाच्या गोळीच्या दुपटीहून जास्त वेग. एम-१६ चा चाप दाबून धरला तर गोळ्या सुटत राहतात, दुकानातल्या एआर-१५ ला दर गोळीला चाप दाबावा लागतो. फरक एवढाच, आणि प्रत्यक्ष लढाईत शिपायालाही बहुतेक वेळा एकेकच गोळी नेम धरून मारायला शिकवतात. त्या वेगाचं शरीरात काय होतं ते उव्हाल्डेच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉय गरेरो यांनी जून २०२२ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं. दोन मुलांची ओळख त्यांच्या अंगावरच्या कार्टूनच्या कपड्यांवरूनच पटली.

मग बंदीवाले म्हणतात तशी सरसकट बंदी घालावी का? ती एकदा घालून झाली आहे. १९९४ मध्ये क्लिंटन यांच्या सहीने दहा वर्षांसाठी कायदा झाला, २००४ मध्ये मुदत संपली, पुन्हा वाढवला नाही. त्या कायद्याने दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनं बंद केली, हे चांगलं केलं. पण रायफल ओळखायची कशावरून, तर तिला संगीन लावायची खुंटी आहे का, दस्ता दुमडतो का, पिस्तुलासारखी मूठ आहे का, यावरून. कंपन्यांनी खुंटी काढली, नळीच्या टोकाचा भाग बदलला आणि तीच रायफल नव्या नावाने विकली. बंदूकवाले या कायद्याची टर उडवतात. मला राग येतो, पण इथे त्यांचं बरोबर आहे. रायफल दिसते कशी यावर कायदा उभा राहत नाही. तिच्यातून किती गोळ्या, किती वेगाने, किती वेळात जातात आणि मॅगझिन झटक्यात बदलता येतं का, यावर तो उभा राहायला हवा.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण माझ्या बाजूची माणसं ती टाळतात. अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांत या रायफलींचा वाटा लहान आहे. एफबीआयच्या नोंदीत २०१९ मध्ये पिस्तुलांनी ६,३६८ खून झाले आणि सगळ्या प्रकारच्या रायफली मिळून ३६४. कितीतरी खुनांत बंदुकीचा प्रकार नोंदलेलाच नाही, तरीही अंतर प्रचंड आहे. २०२१ मध्ये बंदुकीने एकूण ४८,८३० जीव गेले, त्यांत २६,३२८ आत्महत्या. म्हणजे या रायफली उद्या नाहीशा झाल्या तरी मृत्यूंचा मोठा आकडा फारसा हलणार नाही. असं असताना मी याच रायफलीच्या मागे का लागले?

माझी लेक तीन वर्षांची असताना आईने सोलापूरहून तिला वाजणारे बूट आणले होते. पाऊल पडलं की चूं चूं. आपल्याकडे प्रत्येक लेकराने ते घातलेले असतात, आणि त्या आवाजाच्या नादाने ती चालायला लागतात. पाळणाघरातल्या शिक्षिकेने दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन फार हळुवारपणे सांगितलं की लॉकडाऊन ड्रिल, म्हणजे बंदूकधारी शिरला तर लपून बसायची तालीम, असेल त्या दिवशी हे बूट नकोत. दिवे घालवून, दाराआड, मुलं एका कोपऱ्यात बसतात आणि अजिबात आवाज करायचा नसतो. ती बाई डोळ्यांत पाणी आणून बोलत होती. मी घरी येऊन बूट कपाटात ठेवले. आईला खरं कारण सांगितलं नाही, लहान झाले म्हटलं.

पिस्तुलाने होणाऱ्या खुनांचं दुःख कमी नाही. पण तीन वर्षांच्या मुलांना अंधारात निःशब्द बसायला शिकवणं, बाजारात शिरताना मागचं दार कुठे आहे ते आधी बघून ठेवणं, सिनेमागृहात कडेची खुर्ची धरणं, हे या देशाच्या अंगवळणी पडलं ते एकट्या माणसाने काही मिनिटांत वीस-पंचवीस जणांना मारण्याच्या ताकदीमुळे. सँडी हूकच्या शाळेत २०१२ मध्ये वीस मुलं, सहा मोठी माणसं. पार्कलँडच्या शाळेत सतरा. लास व्हेगासला २०१७ मध्ये एका माणसाने हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून साठ जणांचा जीव घेतला. ती ताकद कुणालाही, कुठल्याही नोंदीशिवाय मिळावी का, एवढा साधा प्रश्न आहे. आणि याचं उत्तर अमेरिकेने स्वतःच एकदा दिलेलं आहे.

१९२९ च्या फेब्रुवारीत शिकागोत एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभं करून थॉम्पसन मशीनगनने मारलं. तेव्हा ती गन हार्डवेअरच्या दुकानातही मिळायची. १९३४ मध्ये संसदेने कायदा केला: मशीनगन हवी तर ठेवा, पण बोटांचे ठसे द्या, फोटो द्या, नाव नोंदवा आणि २०० डॉलर कर भरा. तेव्हा तो कर जवळपास त्या गनच्या किमतीएवढा होता. १९८६ मध्ये नागरिकांसाठी नव्या मशीनगन बंद झाल्या, पण आधी नोंदलेल्या कुणी काढून घेतल्या नाहीत. आजही लाखाहून जास्त मशीनगन सामान्य अमेरिकनांच्या नावावर आहेत, खरेदी-विक्री होते, दर वेळी नोंद बदलते. आणि या नोंदलेल्या मशीनगनांनी झालेले खून बोटांवर मोजावेत इतके. पिस्तुलाला बेकायदा तुकडा बसवून त्याची मशीनगन करणारे आहेत, ते वेगळं दुखणं आहे. पण ज्यांनी फॉर्म भरला, ठसे दिले, थांबून राहिले, त्यांनी नव्वद वर्षांत समाजाला त्रास दिलेला नाही. माझी मागणी एवढीच आहे की मॅगझिन बदलता येणाऱ्या अर्धस्वयंचलित (दर गोळीला चाप दाबावा लागणाऱ्या) रायफली याच वहीत लिहा. एकवीस वर्षांची अट, तपासणी, नोंद, विकली की नवं नाव. शेतात डुकरं असतील तर ठेवा. टेक्सासमध्ये रानडुकरं लाखोंनी आहेत, शेतकऱ्याचं एका रात्रीत होणारं नुकसान कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

कायदेपंडित म्हणतात, शस्त्र बाळगण्याच्या हक्काची जी दुसरी घटनादुरुस्ती अमेरिकेत आहे, तिच्यामुळे हे जमणार नाही. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरात शस्त्र बाळगण्याचा वैयक्तिक हक्क मानला, आणि लोकांत सर्रास वापरात असलेली शस्त्रं त्या हक्कात येतात असं म्हटलं. त्याच निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांनी एम-१६ सारख्या बंदुकांवर बंदी असू शकते हेही धरून चाललेलं आहे. आता बंदूक उद्योग सांगतो की एआर घाटाच्या दोन कोटींहून जास्त रायफली लोकांकडे आहेत, म्हणून त्या सर्रास वापरात आहेत, म्हणून त्यांना हात लावता येत नाही. हा युक्तिवाद मला पटत नाही. २००४ नंतर कायदा नव्हता म्हणून त्या एवढ्या विकल्या गेल्या; आणि एवढ्या विकल्या गेल्या म्हणून आता कायदा करता येत नाही? मग हक्क ठरवला कुणी, घटनेने की विक्रीच्या आकड्याने? मेरीलँड राज्याने अशा रायफलींवर घातलेल्या बंदीविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ऐकायला घेतला नाही, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी लिहून ठेवलं आहे की हा प्रश्न न्यायालयाने लवकरच हाती घ्यावा. म्हणजे दार फार दिवस उघडं राहणार नाही.

मित्राची खरी अडचण न्यायालयाची नाहीच. "नोंद झाली की एक दिवस घरी येऊन काढून नेतात," तो म्हणतो. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या, न्यूझीलंडने २०१९ मध्ये तेच केलं, ही उदाहरणं तो देतो. मग इंग्रजांचा १८७८ चा शस्त्रकायदा काढतो. अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा तो कायदा इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा ठरेल असं खुद्द गांधीजींनी लिहिलं होतं, हे त्याला पाठ आहे. मला ते पटतंही. पण त्या कायद्याचं पाप परवाना हे नव्हतं. गोऱ्याला मोकळीक आणि काळ्याला परवाना, हे पाप होतं. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला तेव्हा परवाना ठेवला आणि तो भेद काढला. आजोबांची बंदूक त्या कायद्याखालची होती, आणि तिच्यामुळे आजोबा कुणाचे गुलाम झाले नव्हते.

टेक्सासच्या विधानसभेत २०२३ मध्ये अशा रायफलींसाठी वय अठराचं एकवीस करण्याचं विधेयक आलं होतं. आणणारे आमदार उव्हाल्डेचेच, स्वतः बंदूक बाळगणारे. ॲलननंतर दोनच दिवसांनी समितीने ते आठ विरुद्ध पाच मतांनी पुढे पाठवलं, दोन रिपब्लिकन आमदारांनी पाठिंबा दिला. उव्हाल्डेचे आईबाप त्या दालनात रडले. दुसऱ्या दिवशी मुदत टळली आणि विधेयक सभागृहात आलंच नाही. ॲलनचा मारेकरी तेहतीस वर्षांचा होता, त्याला या अटीने अडवलं नसतं हे मला ठाऊक आहे. उव्हाल्डेच्या मुलाला अडवलं असतं.

पुढचं अधिवेशन २०२७ च्या जानेवारीत. समितीपुढे कुणालाही साक्ष देता येते, माणशी दोन-तीन मिनिटं मिळतात. मी नाव देणार आहे. मित्र म्हणाला, एकवीसची अट त्याला मान्य आहे, खासगी विक्रीला तपासणी मान्य आहे, यादी मान्य नाही. साडेतीन तासांची ऑस्टिनची गाडी तो चालवील, पण यादीवर माझ्या विरुद्ध बोलेल. बोलू दे. मी त्याला फक्त गावाकडच्या ट्रंकेतल्या पावत्यांचा फोटो मागितला होता. परवा रात्री त्याने तो पाठवला. पिवळा पडलेला कागद, ठाण्याचा गोल शिक्का, बंदुकीचा नंबर, जमा केल्याची तारीख. खाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, महिन्यानंतरची दुसरी तारीख आणि एक ओळ: 'बंदूक परत मिळाली.' आणि आजोबांची सही.